लेबलवर नाव कोणाचं?

आमच्या भागातल्या एका वनस्पती संस्थेने जूनमध्ये स्वयंसेवक मागितले. सुट्टीच्या दिवशी यावं, वाळवलेले नमुने कागदावर लावावेत, जुनी लेबलं वाचून उतरवून घ्यावीत, रोपवाटिकेत हात द्यावा. पगार नाही, मानधन नाही. एवढ्याशा आवाहनावरून बेळगावात जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. शहापुरातल्या कट्ट्यावर, वाचनालयात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तोच विषय. एक बाजू म्हणते, ही सरळसरळ वेठबिगारी. शिकलेल्या पोरांना फुकट राबवायचं आणि हातात सर्टिफिकेट ठेवायचं. दुसरी म्हणते, सगळंच पैशात मोजायचं का, निसर्गसेवा म्हणून काही आहे की नाही? आणि तिसरा सूर, जो सीमाभागात कुठल्याही विषयाला येऊन चिकटतोच: जिथे मराठी पाटीसाठी भांडावं लागतं, तिथल्या संस्थेसाठी मराठी माणसाने घाम का गाळावा?

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि तीन वर्षं दर शनिवारी अशाच एका संस्थेत जाते, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हे काम स्वयंसेवकांनी करावं. सीमाभागातल्या मराठी माणसांनी तर जरूर करावं, कारण त्यातला काही भाग आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमणारच नाही. मात्र संस्थेने दोन गोष्टी पाळल्याच पाहिजेत. स्वयंसेवकांच्या जिवावर पगारी जागा रिकामी ठेवायची नाही, आणि ज्याने जे दिलं त्याचं नाव लेबलवर लिहायचं. पैसे मिळाले की नाही यावर वेठ ठरत नाही. नाही म्हणायची मोकळीक होती का आणि केलेल्या कामावर नाव राहिलं का, यावर ती ठरते.

वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे काम पाहिलेलंच नाही. फांदी फुलासकट कापून आणायची, वर्तमानपत्राच्या घडीत पसरायची, एखादं पान मुद्दाम पालथं ठेवायचं म्हणजे त्याची खालची बाजूही दिसते. अशा घड्यांचा थर दोन फळ्यांमध्ये ठेवून पट्ट्याने आवळायचा. आमच्याकडे घडीला ‘तरुण भारत’चे जुने अंक असतात. ओल प्यायलेला कागद रोज बदलायचा, आमच्या पावसात कधी दिवसातून दोनदा. नमुना पुरता वाळला की साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर तो चिकटवायचा, जाड देठ दोऱ्याने टाचायचा, गळालेल्या बिया छोट्या पुडीत घालून ती पुडी त्याच कागदावर लावायची. मग उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. कुठे सापडला, कोणत्या तारखेला, किती उंचीवर, कसल्या जमिनीत, फुलाचा ताजेपणी रंग काय होता, लोक त्याला काय म्हणतात, आणि कोणी गोळा केला. वाळल्यावर रंग उडतो, आकार आक्रसतो, वास जातो. लेबल नसेल तर उरतो तो नुसता वाळका पाला, कोणत्याही शास्त्राच्या उपयोगाचा नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो त्यांनी धड मांडला नाही, म्हणून मीच मांडते. आपल्या देशात ‘स्वयंसेवक’ हा शब्द पगार चुकवायला वापरला गेलाय. अंगणवाडी १९७५ साली सुरू झाली. गावातल्या पोरांना खाऊ घालणारी, वजन करणारी, लसीकरणाला आया गोळा करणारी बाई कागदावर ‘मानसेवी’ राहिली. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०२२ साली, म्हणजे ४७ वर्षांनी. २००५ नंतर आलेल्या आशाताईंची तीच कथा. नाव स्वयंसेविका, कामाला मात्र रात्र-दिवस नाही. बाळंतपणाची हाक मध्यरात्री आली तरी जायचं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच राज्यातल्या हजारो आशा बेंगळूरच्या फ्रीडम पार्कमध्ये थंडीत बसून होत्या, महिन्याला ठरावीक मानधन मिळावं एवढ्यासाठी. जो शब्द असा वापरला गेला त्याच्याकडे तरुणांनी संशयाने पाहिलं तर त्यांचं काय चुकलं? एमएस्सी वनस्पतिशास्त्र झालेली मुलगी खानापूरहून एसटीने येते, घरी कर्ज आहे, आणि तिला आपण ‘अनुभव मिळेल’ म्हणून सांगतो. तिच्या रागाला ‘आजकालच्या पोरांना सेवाभाव नाही’ असं उत्तर देणं हा अन्याय आहे.

तरीही मी ‘वेठ’ हा शब्द इथे वापरू देणार नाही. या शब्दामागे आपल्या गावांचा इतिहास उभा आहे. महार वतनाखाली माणसाला हाक आली की जावं लागे. तो घरी नसेल तर बापाला, भावाला, घरातल्या दुसऱ्या कोणाला नेत. त्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. पुढे राज्यघटनेच्या २३व्या कलमाने बिगारच बेकायदा ठरवली. ज्यांच्या आज्यांनी-पणज्यांनी ते भोगलं ती माणसं अजून आपल्या गल्लीत राहतात. शनिवारी आपखुशीने तीन तास जाणाऱ्या आणि सोमवारी मन बदललं तर न जाणाऱ्या पदवीधराने तो शब्द स्वतःला लावून घ्यावा, हे मला पटत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी इथे दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं होतात. ग्रंथदिंडीची पालखी कोण उचलतं, पाहुण्यांना झुणका-भाकर कोण वाढतं, शेणाने मैदान कोण सारवतं? त्याला आपण कधी वेठ म्हटलं का? पण त्याच संमेलनात मंडपवाल्याचे आणि ध्वनिक्षेपकवाल्याचे पैसे चुकते केले जातात, आणि तेही कोणाला वावगं वाटत नाही. कोणतं काम हौसेचं आणि कोणतं रोजीचं, हे गावाला बरोबर कळतं. संस्थांनाच ते का कळू नये?

मी एक कसोटी लावते. स्वयंसेवक उद्या आला नाही तर संग्रहाचं काही कायमचं नुकसान होईल का? होणार असेल तर ते काम पगारी माणसाचं. कपाटांची कीड रोखणं, रोपवाटिकेला एप्रिल-मे महिन्यांत रोज पाणी घालणं, नमुन्यांची नोंदवही सांभाळणं, ही सगळी रोजची जबाबदारी आहे. आपल्याकडच्या अनेक संग्रहांत नमुना किडू नये म्हणून तो मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणातून काढतात. ते विष आहे. हातमोजे, हवेशीर खोली आणि प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय कुठल्याही हौशी पोराला त्या टेबलाजवळ उभं करता कामा नये. आणि हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात कागद बदलायची माझी पाळी होती आणि घरी पाहुणे आले म्हणून मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी घडी उघडली तर १२ नमुन्यांवर पांढरी बुरशी. कणकुंबीकडून दोन दिवस पावसात भिजून आणलेला माल होता तो. चूक माझी होती, ती मी कबूल केली. पण त्या खोलीत पूर्वी एक पगारी मदतनीस होता, तो निवृत्त झाल्यावर त्याची जागा भरलीच नाही, आणि आमच्या पाळ्या लागल्या त्या त्याच्या जागी लागल्या, हे मला त्या दिवशी कळलं. सेवेचं कौतुक करणाऱ्यांना मी हेच विचारते: त्या मदतनिसाच्या जागी आज एखाद्या गरजू घरातला पोरगा पगारावर असता, तर आमच्या सेवेत काय उणं पडलं असतं?

मग स्वयंसेवकांनी करायचं काय? इथे इतिहास आपल्या बाजूने आहे. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची पहिली मोठी यादी १८३९ साली आली, ती करणारा जॉन ग्रॅहम मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होता. यादी छापून पूर्ण व्हायच्या आतच तो खंडाळ्याला वारला, आणि जोसेफ निम्मो या त्याच्या मित्राने उरलेलं काम तडीला नेलं. आपल्या जंगलातल्या नरक्या झाडाच्या शास्त्रीय नावात, ‘निम्मोनियाना’मध्ये, त्या निम्मोचं नाव आजही आहे. १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याची जी सविस्तर वनस्पतिसूची आली, ज्यात आपला बेळगाव आणि कारवारचा मुलूखही येतो, ती लिहिणारा थिओडोर कुक इंजिनिअर होता. रेल्वेत आला आणि पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य झाला. उत्तर कन्नडातल्या एका विलक्षण कंदीलपुष्पाला ‘सेरोपेजिया फँटास्टिका’ हे नाव देणारा सेजविक सनदी अधिकारी होता. यातल्या कोणाचाही मूळ पेशा झाडांची नोंद करण्याचा नव्हता. कचेरी सुटल्यावर, रजेच्या दिवसांत, फिरतीवर असताना, कोणी निवृत्तीनंतर हे केलं. सह्याद्रीच्या वनस्पतिशास्त्राचा पाया पोस्टमास्तरांनी आणि इंजिनिअरांनी घातला असेल, तर आज तलाठी, बँकेतला कारकून, शाळेतली बाई यांनी त्यात हात घालू नये असं कोण म्हणेल?

पण हाच इतिहास पूर्ण वाचला तर तो दुसऱ्या बाजूनेही बोलतो. हे साहेब भरल्या पोटी हौस करत होते. पगार सरकारचा, घोडा सरकारचा. आणि कड्यावर चढून वेल उतरवणारा, ‘साहेब, ह्याचं फूल रात्री उमलतं’ म्हणून सांगणारा माणूस कोण होता? जुन्या लेबलांवर त्याचं नाव सहसा सापडत नाही. याला नाइलाज म्हणता येत नाही, कारण त्याच्याही कितीतरी आधी वेगळं करून दाखवलेलं होतं. कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ काढला; पहिला खंड १६७८ साली ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात इट्टी अच्युदन या ईळवा वैद्याची आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांची साक्ष त्यांच्या नावानिशी आहे, आणि कोकणी वैद्यांची साक्ष तर नागरी लिपीत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्याला जे सुचलं, ते आजच्या अनुदानित संस्थांना सुचू नये?

मी हे तावातावाने का म्हणते त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी जांबोटीच्या पलीकडे गवळी धनगरांच्या वाडीवर आम्ही गेलो होतो. वाडीतल्या एका आज्जीने आम्हाला मालकीच्या रानातल्या कातळावर नेलं. पाय अनवाणी, डोक्यावर इरलं, आमच्यापेक्षा दुप्पट वेगाने चालत होती. गवतात बोटभर उंचीची, हिरवट कंदिलासारखी फुलं दाखवून म्हणाली, “ही खरपुडी. आमी ढोरामागं हिंडताना ह्येचा कांदा खाऊन दिस काढलाय.” मी खुरपं काढलं तशी तिने माझा हात धरला. “बाई, कांदा ऱ्हाऊ दे खाली. वरचं ने. पुढल्या साली परत येतंय ते.” आम्ही फुलासकट वरची काडी तेवढी घेतली. कोणत्या पावसानंतर ती उगवते, गुरं ती का टाळतात, शेजारच्या सड्यावरून ती कधीपासून नाहीशी झाली, हे सगळं ती सांगत गेली आणि मी लिहून घेतलं. सहा महिन्यांनी छापील लेबल लागलं. स्थानिक नावाचा रकाना कोरा. संग्राहक म्हणून संस्थेतल्या अधिकाऱ्यांचं नाव, जे त्या दिवशी गाडीजवळ थांबले होते. अहवालाच्या शेवटी ‘स्थानिक लोकांचे आभार’. माझं नाव नव्हतं त्याचं मला फारसं काही नाही. पण आज्जीला मी काय सांगू? आपण तिच्याकडून घेतलं ते तिच्या आयुष्याच्या साठ-सत्तर पावसाळ्यांचं निरीक्षण होतं, आणि ते आपण तीन शब्दांत गुंडाळून टाकलं.

यावर काही मित्र म्हणतात, मग नोंदच करू नये. ज्ञान कागदावर आलं की लुबाडणारे येतातच. हाही मुद्दा पोकळ नाही. कॅन्सरवरच्या औषधांचा आधार असलेलं कॅम्पटोथेसिन १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळं केलं गेलं. ते करणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी नंदुरबारचे, हे जाता जाता सांगते, कारण आपल्या मुलांना ते माहीत नसतं. १९७२ साली तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं, आणि पुढे सह्याद्रीतला नरक्या मुळासकट तोडून पोत्यांनी बाहेर गेला. म्हणून दुर्मीळ झाडाची नेमकी जागा लोकांसमोर ठेवू नये, संग्रहात ती राखून ठेवावी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण नोंद न करण्याने रक्षण होतं हे खरं नाही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं आणि डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने ते १९९७ साली रद्द करून घेतलं. मराठी वाचक ती हळदीघाटीची लढाई म्हणून ओळखतो. ती जिंकली कशाच्या बळावर? जुन्या ग्रंथांतल्या आणि नियतकालिकांतल्या लेखी पुराव्यांवर. आपल्या आजीने गुडघ्यावर हळद लावली होती ही आठवण तिथे पुरेशी नव्हती. हळदीला संस्कृत ग्रंथांनी तारलं. वाडीवरच्या आज्जीच्या खरपुडीमागे कोणता ग्रंथ उभा राहणार? तिचं नाव, गाव आणि तारीख लिहिलेलं लेबल हाच तिचा पुरावा, आणि ते कोरं ठेवणं म्हणजे दरवाजा उघडा टाकणं.

राहिला तिसरा सूर, भाषेचा. मराठी शाळांची दुरवस्था, कचेरीतला कन्नड फॉर्म, पाट्यांवरची काळी शाई, हे सगळं मीही सोसलंय आणि त्याबद्दल मी कधी गप्प बसलेली नाही. पण संस्थेपासून दूर राहण्याने मराठीचं काय भलं होणार आहे? परवा एका जुन्या नमुन्याच्या छायाचित्रावर इंग्रजी अक्षरांत ‘राम घॉट’ लिहिलेलं होतं. यादी करणाऱ्या बाहेरच्या मुलाने ते ठिकाण दुसऱ्याच जिल्ह्यात टाकलं. बेळगावात वाढलेल्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. गावातल्या रामघाट रोडला ज्याच्यावरून नाव पडलं तो कोकणात उतरणारा जुना घाट तो. एका नावाच्या चुकीने एक वनस्पती कागदावर शंभर मैल सरकली असती. पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने २०१२ पासून सामान्य नागरिकांकडून जुनी लेबलं वाचून घ्यायला सुरुवातही केली. ज्या मातीतला नमुना, त्या मातीतल्या माणसाला ते अक्षर लागतं. आपण गेलो नाही तर स्थानिक नावाच्या रकान्यात कन्नड ‘मत्ती’ येईल, मराठी ‘ऐन’ येणार नाही; ‘मुत्तुग’ येईल, ‘पळस’ येणार नाही. दोन्ही यावीत. खानापूरच्या बाजारात दोन्ही नावं एकाच टोपलीवर ऐकू येतात, आणि माझ्या शेजारी शनिवारी बसणारा कन्नड मुलगा मला ‘नेरळे’ लिहायला शिकवतो तेव्हा मी त्याला ‘जांभूळ’ लिहून देते. त्याचा मला अभिमान आहे.

जुलैमध्ये आम्ही आठ जणांनी संस्थेला पत्र दिलं. मदतनिसाची जागा भरावी. भरेपर्यंत रोजंदारीवर माणूस घ्यावा. विषारी द्रावणाच्या खोलीत स्वयंसेवकांना पाठवू नये. प्रत्येक लेबलवर संग्राहकाच्या खाली ‘माहिती देणारे’ असा रकाना असावा, त्यात त्या माणसाच्या संमतीने नाव आणि वाडी लिहावी, आणि स्थानिक नावं कन्नड व मराठी दोन्ही भाषांत यावीत. जुनी लेबलं बदलायची नाहीत. त्यांच्याशेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लावायची पद्धत संग्रहशास्त्रात पहिल्यापासून आहे, तीच वापरावी. खरपुडीच्या कागदासाठीची चिठ्ठी मी लिहून तयार ठेवली आहे. गेल्या रविवारी वाडीवर जाऊन आज्जीला ती वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली आणि वाडीच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त करून घेतलं.

पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. मदतनिसाची खुर्ची रिकामीच आहे. येत्या शनिवारी पुन्हा माझी पाळी आहे, चोर्ल्याकडून आलेल्या चाळीसेक घड्या फळ्यांत आवळलेल्या आहेत, आणि पाऊस काही थांबायचं नाव घेत नाही. कागद बदलायला मी जाणार आहे, आणि जाताना पत्राची दुसरी प्रत बरोबर नेणार आहे.